उपकार मानायचे ते कधी

(दिंडीच्या शताब्दी सप्ताहात दशमीच्या रात्री गावच्या विठ्ठल मंदिरात झालेलं निरूपण. बोललं गेलं तसंच बहुतेक ठेवलं आहे.)



विणेकरी बाबा, टाळकरी मंडळी, मृदंगमणी, डोक्यावर तुळस घेऊन चालणाऱ्या आयाबहिणी, आणि मागं भिंतीला टेकून बसलेली तरणी पोरं, सगळ्यांच्या चरणी आमचा दंडवत. आज आम्ही अभंग लावलेला नाही. उद्या एकादशीचं कीर्तन आहे, मोठे महाराज येणार आहेत, चाली तिथं ऐका. आज आपलं घरचं बोलणं.

मंडळींनी आम्हाला सांगितलं, दिंडीला शंभर वर्षं झाली, तर देवाच्या उपकारावर बोला. आम्ही हो म्हटलं. मग रात्रीच्या लाइटीला कांद्याला पाणी भरता भरता विचार करीत बसलो. विषय दिसतो सोपा. देवानं दिलं, आपण हात जोडले, झालं. पण वाफ्यावाफ्यानं पाणी पुढं सरकावं तसा विचार पुढं गेला, आणि कळलं की हा विषय सोपा नाही. सुखात उपकार मानायचे हे कुणीही सांगेल. बाग पडली, भाव पडला, घरातलं माणूस गेलं, तेव्हा काय करायचं? तेव्हाही माना म्हणावं, तर ते खोटं वाटतं. मानू नका म्हणावं, तर मग ही गळ्यातली माळ नुसती सुगीपुरती आहे का?

आपण पंढरीला जातो तेव्हा काय करतो ते आधी बघा. नामदेव पायरीला हात लावतो, कळसाला हात जोडतो, आणि मनात यादी सुरू होते. सुनेला दिवस जाऊ दे. धाकट्याला नोकरी लागू दे. औंदा उन्हाळ कांद्याला भाव लागू दे. वारी नवसाची नसते हे संतांनी सांगून ठेवलं आहे, आपल्याला ते पाठ आहे, आणि तरी आपण मागतो. मागण्याला आम्ही नावं ठेवत नाही. लेकरू आईला मागणारच. पण मिळाल्यावर काय होतं? पट्टी चांगली आली की ती आमची हुशारी, आम्ही वेळेवर माल काढला. पट्टी खराब आली की देवाची करणी. असा हिशेब कुठल्या वाण्यानं ठेवला असता तर आपण त्याला गावात राहू दिलं नसतं.

आता आम्ही जरा वेगळ्या वाटेनं जाणार आहोत. या विषयावर आम्हाला शिकवलं ते काही आपल्या संतांनी आणि काही आपल्या शेजाऱ्यांनी. शेजारी म्हणजे आपल्या भागातली ख्रिस्ती मंडळी. कुणी म्हणेल, दिंडीच्या सोहळ्यात त्यांची गोष्ट कशाला? तर बाबांनो, माळ आमच्या गळ्यात तुळशीचीच आहे आणि ती जाताना बरोबर जाईल. पण शेजाऱ्याच्या विहिरीला गोड पाणी असलं तर ते गोड आहे असं म्हणायला काय जातं? त्यांच्यातल्या एका अमेरिकेच्या पाद्र्यानं, जस्टिन अ‍ॅबट त्यांचं नाव, आपल्या ताहराबादच्या महिपतीबुवांचा भक्तिविजय इंग्रजीत नेला. आपले संत साता समुद्रापलीकडं पोचवले. मग त्यांची एखादी गोष्ट गोदावरीच्या काठी सांगायला आपल्याला जड जाऊ नये.

त्यांच्यात एक शब्द आहे, उपकारस्तुती. आम्हाला तो फार आवडला. नुसतं आभार नाही, नुसती स्तुती नाही, उपकार आठवून केलेली स्तुती. जेवायला बसले की आधी उपकारस्तुती. आपणही पंगतीत श्लोक म्हणतो, पण घरी टीव्हीसमोर ताट घेऊन बसल्यावर कोण म्हणतो ते आपापलं आठवा. आणि हंगाम निघाला की त्यांचा एक सण असतो, कापणीचा सण म्हणतात, कुठं हंगामाचा सण म्हणतात. आम्ही तो पाहिला आहे. देवळात, म्हणजे त्यांच्या चर्चमध्ये, ज्याच्या शेतात जे पिकलं ते घेऊन माणसं येतात. बाजरीची कणसं, कांद्याची पाटी, भोपळा, गवार, कुणी कोंबडी, कुणी चार अंडी. ज्याला शेत नाही तो मजुरीचे पैसे आणतो. वेदीपुढं सगळं मांडतात, प्रार्थना होते, आणि मग बाहेर लिलाव. लिलाव मात्र आपल्या मार्केटासारखा नाही बरं का. तिथं भाव पाडायला कुणी बसलेला नसतो. एका म्हातारीनं आणलेला भोपळा एकानं घेतला, पैसे मोजले, आणि परत लिलावात ठेवला. दुसऱ्यानं घेतला, त्यानंही परत ठेवला. एकच भोपळा तीनदा विकला गेला. म्हातारी हसून हसून दमली. ते पैसे चर्चच्या आणि गोरगरिबांच्या कामाला जातात.

आम्हाला ते पाहून आमच्या आजाचं खळं आठवलं. रास झाली की आधी राशीची पूजा. मग पहिलं सूप देवाचं. मग बलुतेदार, मग दारी आलेला गोसावी, पाखरांनाही सांडलेलं. हे सगळं झाल्यावर उरलेलं घरात. म्हणजे आपल्यातही उपकारस्तुती होती, शब्द तेवढा नव्हता. आता मळणी यंत्र रस्त्यावर उभं राहतं, तिथूनच ट्रॅक्टर भरतो, तिथूनच बाजार. देवाचं सूप काढायचं म्हटलं तर खळंच राहिलं नाही. आम्ही यंत्राला दोष देत नाही, यंत्रानं कष्ट वाचले. पण मधली एक पायरी निघून गेली, आणि ती गेल्याचं कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

येशूची एक गोष्ट त्यांच्या शास्त्रात आहे. यरुशलेमच्या वाटेवर एका गावापाशी दहा कोडी भेटले. कोडी म्हणजे रक्तपितीचे, गावाबाहेर काढलेले. लांब उभे राहून त्यांनी हाका मारल्या, आमच्यावर दया करा. येशूनं त्यांना सांगितलं, जा, याजकांना अंग दाखवा. ते निघाले, आणि चालता चालता बरे झाले. नऊ जण पुढं गेले. एकटा मागं फिरला, मोठ्यानं देवाची स्तुती करीत आला आणि पायांवर पडला. तो कोण होता? शोमरोनी होता. शोमरोनी म्हणजे त्या लोकांनी बाटगा ठरवलेला, ज्यांच्याशी त्यांचा रोटीबेटीचा व्यवहार नाही असा. येशूनं विचारलं, बरे तर दहा झाले, बाकीचे नऊ कुठं आहेत?

आता या गोष्टीवर आमचं एक म्हणणं आहे. त्या नऊ जणांना वाईट म्हणायला आमची जीभ उचलत नाही. वर्षानुवर्षं गावाबाहेर राहिलेला माणूस, अंग स्वच्छ झालं, तर तो कुठं पळेल? घरी पळेल. बायकोला, लेकरांना बघायला पळेल. आम्हीही पळालो असतो. ते नऊ दुष्ट नव्हते, ते घाईत होते. सुखात माणूस देवाला विसरतो तो दुष्टपणानं नाही, घाईनं विसरतो. तोड सुरू आहे, गाडी लागली आहे, मजूर दुपारी जाणार आहेत, कुठं हात जोडायचे? आणि परत आला तो कोण, तर ज्याला आधीच सगळ्यांनी लांब ठेवलं होतं तो. आपल्या मंगळवेढ्याच्या चोखोबांना देवळाच्या आत पाऊल टाकता आलं नाही, आणि देवाचं नाव त्यांच्याइतक्या गोडीनं घेणारे किती निघाले? ज्याला कमी मिळालं त्याला उपकाराची चव जास्त कळते, असं दिसतं. का, ते आम्हाला सांगता येत नाही.

इथवर सुखाचं झालं. आता दुःखाचं.

आम्ही चौथी शिकलो ती 1972 साली सुटली. बहात्तरचा दुष्काळ पडला, शाळेची पाटी खाली ठेवली आणि खडी फोडायच्या कामावर आईबरोबर गेलो. सुकडी खाल्ली, तांबड्या मिलोच्या भाकरी खाल्ल्या. इथं बसलेल्या पांढऱ्या केसांच्या सगळ्यांनी खाल्ल्या आहेत. तेव्हापासून आतापर्यंत किती वेळा आभाळानं नेलं ते मोजायला नको. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चची गारपीट आठवा. 2019 चा ऑक्टोबर-नोव्हेंबरचा पाऊस आठवा, छाटणी झालेल्या बागा, घड कुजले, डाउनी आला. आमची बाग त्यात गेली. त्या वेळी आमच्या तोंडून देवाचे आभार निघाले का? निघाले नाहीत. हरिपाठाला मात्र रोज येऊन बसलो. आवाज फुटत नव्हता, तर टाळ वाजवला.

म्हणून आम्ही शोधायला लागलो, की या बाबतीत जाणते काय म्हणतात.

ख्रिस्ती लोकांचा पौल म्हणून मोठा संत झाला. त्याला आणि त्याच्या सोबत्याला, सीलाला, फिलिप्पै गावात फटके मारून तुरुंगात टाकलं, पाय खोड्यात अडकवले. मध्यरात्री ते दोघं देवाची गाणी म्हणत होते आणि बाकीचे कैदी ऐकत होते. जागरच तो. याच पौलानं थेस्सलनीका गावच्या मंडळीला पत्रातून सांगितलं की कुठल्याही स्थितीत असा, उपकार मानणं सोडू नका. इथं आम्ही थांबलो. एका ख्रिस्ती गुरुजींना विचारलं, गुरुजी, गारा पडल्या तर गारांचे उपकार मानायचे का? ते म्हणाले, बुवा, नीट बघा, स्थितीबद्दल माना असं नाही, स्थितीत असताना माना. गारांबद्दल नाही, गारांत.

एवढ्या एका अक्षरानं आमचं ओझं अर्धं उतरलं. गारा चांगल्या होत्या असं म्हणायची सक्ती नाही. देव अजून आहे एवढं म्हणायचं.

पण आपले तुकोबा याच्याही पुढं गेले. त्यांच्या वेळी मोठा दुष्काळ पडला. गुरं गेली, व्यापार बुडाला, पहिली बायको अन्न अन्न करीत गेली, मुलगा गेला. आणि तुकोबा एका अभंगात हे सगळं एकेक करून मोजतात आणि देवाला म्हणतात की हे बरं झालं, त्यानं मन तुझ्याकडं आलं. हा अभंग आम्ही शेकडो वेळा म्हटला असेल. खरं सांगायचं तर तो म्हणताना भीती वाटते. दिवाळं निघालं ते बरं झालं, हे म्हणायला छाती लागते.

आता ऐका, आज आम्हाला जे सांगायचं आहे ते इथं आहे. तुकोबांनी हे कुणाच्या दिवाळ्याबद्दल म्हटलं? स्वतःच्या. शेजाऱ्याच्या नाही. देहू गावातल्या दुसऱ्या कुणाच्या दारात जाऊन ते असं म्हणाले का, की तुझी बायको उपाशी मेली ते बरं झालं? कधीच नाही. त्यांनी काय केलं? वडिलार्जित सावकारी होती, लोकांकडून येणं होतं, त्याचे कागद होते. ते कागद घेतले, भावाचा वाटा भावाला दिला आणि आपल्या वाट्याचे इंद्रायणीत बुडवले. स्वतःचं बुडालं त्याचे देवाला आभार, आणि दुसऱ्याकडचं येणं पाण्यात सोडून दिलं. हे दोन्ही एकाच माणसानं केलं. आपण काय करतो? उलटं करतो. आपलं बुडालं की देवाशी भांडतो, आणि दुसऱ्याचं बुडालं की त्याला सांगतो, देव करतो ते बऱ्यासाठीच.

गारपिटीनंतरची गोष्ट. गाव सांगत नाही, घर सांगत नाही. कर्जापायी कर्ता माणूस गेला, कसा गेला ते तुम्ही समजलात. आम्ही भेटायला गेलो होतो. पाहुण्यांपैकी एक गृहस्थ, बोलायला हुशार, म्हातारीला म्हणाले, आजी, देवानं काहीतरी चांगल्यासाठीच केलं असेल, धीर धरा. म्हातारी इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, मग इतकं चांगलं तुमच्या घरी का नाही केलं त्यानं?

त्या ओसरीवर नंतर कुणी बोललं नाही.

ख्रिस्ती आणि यहुदी लोकांच्या शास्त्रात ईयोब नावाच्या एका भक्ताची कथा आहे. मोठा शेतकरी, मेंढरं, उंट, बैलांच्या जोड्या, सात मुलगे, तीन मुली. एका दिवसात सगळं गेलं. जनावरं लुटली, लेकरांवर घर कोसळलं. त्यानं जमिनीवर पालथं पडून देवाचं नाव घेतलं, म्हणाला, ज्यानं दिलं त्यानंच नेलं. पुढं अंगावर फोड उठले, राखेत बसला, तेव्हा त्याला भेटायला तीन मित्र आले. आणि बघा, त्या मित्रांनी आधी फार चांगलं केलं. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि एक शब्द बोलले नाहीत. सप्ताहच केला म्हणा ना, मुक्यानं. पण आठव्या दिवसापासून त्यांना बोलायची खुमखुमी आली. तू काहीतरी पाप केलं असशील. देव उगाच असं करत नाही. ईयोबानं त्यांच्याशी भांडण केलं, देवाशीही भांडण केलं, जन्मलो तो दिवस वाईट असंही म्हणाला. शेवटी देव बोलला तेव्हा रागावला कुणावर? भांडणाऱ्या ईयोबावर नाही. शहाणपण सांगणाऱ्या मित्रांवर रागावला.

आम्ही कीर्तनकार लोकांनी ही कथा उशाशी ठेवून झोपावं.

आता आपल्या नाशिकच्याच एका बाईची गोष्ट. गंगेच्या काठी जलालपूर आहे, आपल्यातले कितीतरी त्या रस्त्यानं गेले असतील. तिथं 1868 साली गोखल्यांच्या घरात एक मुलगी जन्मली. लहानपणीच लग्न झालं, नवरा नारायण वामन टिळक. हे लोकमान्य नव्हेत, कवी टिळक. शाळेच्या पुस्तकात शिकाऱ्यानं मारलेल्या पाखराची कविता होती ना, केवढे हे क्रौर्य, ती यांची. मुलगी म्हणजे लक्ष्मीबाई टिळक. नवरा विद्वान, मोठा फिरस्ता, घरात टिकणारा नाही. लेकरं जाण्याचं दुःखही त्या घरानं पाहिलं. एकदा टिळक आगगाडीतून राजनांदगावकडं जात होते, डब्यात एका गोऱ्या साहेबानं त्यांना ख्रिस्ती शास्त्राचं पुस्तक दिलं, ते वाचून मन फिरलं. 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडं आलो, असं ते सांगत.

त्यांचा पूल त्यांना सापडला. पण बायको या काठावर राहिली. सोवळ्याओवळ्यात वाढलेली, पदरी लहान मुलगा दत्तू. नवरा मेला असता तर लोकांनी रडू तरी दिलं असतं. हा तर जिवंत असून गेलेला. त्या काळात ती नातेवाइकांच्या आधारानं पंढरपुरात राहिली. आपल्या पंढरपुरात, माऊली. चंद्रभागेच्या काठी ती बाई रडत होती आणि त्याच वाळवंटात आपल्या दिंड्या नाचत होत्या. त्या वेळी जर तिला कुणी म्हटलं असतं, बाई, देवाचे उपकार मान, तर?

पुढची गोष्ट लांब आहे, थोडक्यात सांगतो. चार-पाच वर्षांनी दोघं परत एकत्र आली, नगरला. आधी ती आपला धर्म ठेवूनच राहिली, नंतर 1900 साली तिनंही बाप्तिस्मा घेतला. ते छप्पनच्या दुष्काळाचं साल, आपल्या आजेपणजे सांगायचे तो. त्या उभयतांनी दुष्काळातली अनाथ पोरं घरात आणली. प्लेग आला तेव्हा लक्ष्मीबाई रोग्यांच्या सेवेला गेल्या, जिथं सख्खा सख्ख्याला शिवत नव्हता तिथं. टिळक 1919 साली गेले. त्यानंतर सतरा वर्षं बाई होत्या, नाशिकलाच 24 फेब्रुवारी 1936 ला गेल्या. नवऱ्यानं ख्रिस्तायन म्हणून ओवीबद्ध ग्रंथ सुरू करून अर्धवट ठेवला होता, तो त्यांनी पुढं लिहिला. शाळेत न गेलेली बाई. आम्ही चौथी शिकलो म्हणून बुजायचो, तर या बाईपुढं आम्ही पंडित म्हणायचे!

त्यांचं स्मृतिचित्रे पुस्तक आम्हाला आमच्या नातीनं वाचून दाखवलं. आमची सून स्वयंपाक सोडून दारात येऊन ऐकायची. एवढी दुःखं, पण बाई हसवते. नवऱ्याच्या विसराळूपणाला हसते, स्वतःच्या भित्रेपणाला हसते. देवा तुझे उपकार, असं सारखं सारखं म्हणत नाही. पण ज्या आयुष्यानं इतकं छळलं ते आयुष्य ती अशा मायेनं सांगते, की ऐकणाऱ्याला कळतं, हिनं हिशेब मिटवला आहे. तो तिनं मिटवला, तिच्या वेळेनं. पंढरपुरात असताना कुणी तिच्याकडून तो वसूल करायला गेलं असतं तर काही हाती लागलं नसतं. उपकार ही उसनवारी नाही, की तारीख आली, काढा.

टिळकांची गाणी अजून मराठी चर्चमध्ये म्हणतात, पेटी-तबल्यावर, आपल्यासारखीच. नगरकडं ख्रिस्ती कीर्तनंसुद्धा व्हायची, उभं राहून, पूर्वरंग-उत्तररंगासहित. फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूची यात्रा भरते, तिथं तर परमुलखातून माणसं येतात, सगळ्या धर्मांची. मेणबत्ती घेऊन रांगेत उभी असलेली बाई नवस करायला आली का फेडायला, हे नुसतं तोंड बघून ओळखता येतं. फेडायला आलेल्या थोड्या असतात. तिथंही दहातला एकच.

आणखी एक गोष्ट सांगतो, मग टाळ घ्या. नाशकात शरणपूर रस्ता आहे, आपण दवाखान्याला, बँकेला त्या रस्त्यानं जातो. ते नाव कशावरून? 1854 च्या सुमाराला पाद्री लोकांनी तिथं अनाथांसाठी वसाहत केली, शरण आलेल्यांचं गाव म्हणून शरणपूर. तिथं आफ्रिकेतली पोरंही होती. गुलाम म्हणून विकायला गलबतातून नेत असताना समुद्रावर सोडवलेली. विचार करा, कुठलं आफ्रिका आणि कुठलं नाशिक. त्यांना इथं लिहायला वाचायला आणि सुतारकी-लोहारकी अशी कामं शिकवली. त्यातला एक जेकब वेनराइट. पुढं तो आफ्रिकेत डेव्हिड लिव्हिंग्स्टन नावाच्या साहेबाकडं गेला, जो गुलामांच्या व्यापाराविरुद्ध आयुष्यभर ओरडत राहिला. 1873 साली तो साहेब आफ्रिकेच्या आतल्या भागात, एका झोपडीत, गुडघ्यावर टेकलेला असाच गेला. बरोबरच्या माणसांनी त्याचं काळीज तिथं झाडाखाली पुरलं, आपल्या नाशिकच्या जेकबनं प्रार्थना वाचली, झाडाच्या सालीवर नाव कोरलं. आणि देह वाळवून, गुंडाळून, खांद्यावर घेऊन ती माणसं पायी निघाली. समुद्रापर्यंत. नऊ महिने चालली. वाटेत ताप, उपास, भांडणं, काही जण मेले. कुणी सांगितलं होतं चाला म्हणून? कुणी नाही. जेकब तर देहाबरोबर विलायतेपर्यंत गेला.

लहानपणी ज्याला विकायला काढलं होतं, त्यानं देवाचे उपकार मानले का, आणि मानले तर कसे, हे विचारायचा अधिकार आम्हाला नाही. आम्हाला एवढंच दिसतं की तो चालला. आपल्याला चालण्याचं कळतं. आपण दर साल त्र्यंबकाहून निवृत्तिनाथ महाराजांच्या मागं पंढरीला चालतो, पायाला फोड येतात, फोडात सुईदोरा ओवतो आणि परत चालतो. आईबाप गेलेली, वाळीत टाकलेली ती चार भावंडं, त्यातला हा थोरला. धाकट्यानं ज्ञानेश्वरी सांगून झाल्यावर देवाकडं काय मागितलं? स्वतःसाठी काही नाही. ज्यांनी छळलं त्यांचंही वाकडेपण जाऊ दे म्हणाले. करोनाची दोन वर्षं पादुका बसनं गेल्या, आपण घरी बसलो, तेव्हा आमच्यातला एक म्हातारा रोज पहाटे विहिरीभोवती फेऱ्या मारायचा. काय करता बाबा, विचारलं, तर म्हणे, आज मुक्काम सिन्नरला. त्याच्या बागेचं त्या साली काय झालं होतं ते सगळ्यांना माहीत आहे.

असो. मंडळींशी बोलून काही ठरवलं आहे, ते जाहीर करायचं काम आमच्याकडं दिलं आहे. परवा द्वादशीला काल्याच्या आधी देवापुढं सूप ठेवायचं. ज्याच्या शेतात जे आहे ते, पाटीभर कांदा असो, चार घड असोत, मेथीची जुडी असो. ज्याला शेत नाही त्यानं एक दिवसाची मजुरी, तीही जमली तर. मग ओसरीवर लिलाव. लिलावात भाव पाडायचा नाही, हे व्यापाऱ्यांनी आजच ऐकून ठेवा. आलेल्या पैशातून या वर्षी ज्या घरावर बाका प्रसंग आला त्या घरी शिधा आणि पोरांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च. कुणाकुणाच्या घरी ते विणेकरी बाबांना माहीत आहे, वहीत नाव लागणार नाही. फोटो काढायचा नाही. आणि शिधा पोचवायला जो जाईल त्यानं दारात उभं राहून प्रवचन द्यायचं नाही. पोतं खाली ठेवायचं, पाणी दिलं तर प्यायचं, बस म्हटलं तर बसायचं.

सुपं घरूनच आणा, मंदिरात दोनच आहेत. चला, मृदंग लावून घ्या.

रामकृष्ण हरी.